नळाचा वार आणि तापाचा नकाशा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारी बाई. शिक्षण बी.ए. डॉक्टर नाही, नर्स नाही. तरी आज डासांच्या तापावर बोलायचं धाडस करते आहे, याला कारण माझे अब्बा. १९७०च्या दशकात ते मलेरियाच्या फवारणीवर हंगामी कामगार होते. पावसाळ्याच्या तोंडाशी घरातून निघायचे, ते अकोट, तेल्हारा करत सातपुड्याच्या पायथ्यानं धारणीपर्यंत जायचे. एकजण बादलीतला पंप मारायचा आणि दुसरा नळी धरून भिंतीवर डीडीटी उडवायचा. घर झालं की दाराशेजारी भिंतीवर तारीख लिहायची. अब्बा उर्दू शाळेत चार वर्ग शिकलेले, म्हणून त्यांच्या खिशातल्या वहीत गावांची नावं उर्दू लिपीत असत आणि भिंतीवरच्या तारखा मराठीत. मी लहानपणी ती वही वाचायला मागायची. गाव, घरं, तारीख. पुढचं गाव, घरं, तारीख. ओळीनं वाचत गेलं की ते कुठून कुठं चालत गेले ते कळायचं. तापाचा नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तो असा.

अब्बांचं एक वाक्य घरात नेहमी ऐकू यायचं. “बुखार बारिश के संग नहीं आता, बारिश रुकी के आता.” आम्हा मुलांना ती म्हाताऱ्या माणसाची म्हण वाटे. पण त्यात मलेरियाचं सगळं शास्त्र आहे. मुसळधार पाऊस नदीनाल्यातल्या अळ्या वाहून नेतो. पाऊस थांबला, धार बारीक झाली, दगडांमध्ये स्वच्छ पाण्याची डबकी उरली, की अ‍ॅनाफिलीस जातीच्या डासाला पाहिजे तशी जागा मिळते. म्हणून मेळघाटाच्या पायथ्याला ताप भर पावसात कमी आणि भादव्या-अश्विनात जास्त.

त्या मोहिमेची गोष्ट थोडक्यात सांगते. राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला, १९५८ साली त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. १९६५च्या सुमारास देशातले रुग्ण एक लाखावर आले. आता मलेरिया गेला, असं लोक म्हणू लागले. आणि १९७६ साली आकडा चौसष्ट लाखांवर गेला. डासांना डीडीटीची सवय झाली होती, लक्ष सैल झालं होतं, पैसा आटला होता. अब्बा आणखी एक कारण सांगायचे, ते पुस्तकातही आहे, पण मी त्यांच्याकडूनच ऐकलं. औषध मारून फवारणीवाले पुढच्या गावाला गेले की सणासाठी बाया पांढऱ्या मातीनं भिंती सारवून घेत. औषध मातीखाली जाई. तारीख तेवढी दाराशी शाबूत राही, कारण सरकारी अक्षरावर हात कसा फिरवायचा! कागदोपत्री ते घर फवारलेलं. डासाच्या दृष्टीनं नाही.

कागदावरचं घर आणि खरं घर यांतला हा फरक माझ्या डोक्यात पक्का बसला तो मात्र २००६ साली.

त्या वर्षी चिकुनगुनिया आला. आमचं गाव अकोला आणि अमरावती यांच्या मधलं, तालुक्याचं. पहिले पंधरा दिवस लोक त्याला ‘चिकनगुनिया’ म्हणाले आणि कोंबडीवाल्याचं दुकान ओस पडलं. बिचाऱ्या कोंबडीचा काही संबंध नव्हता. हा शब्द आफ्रिकेतल्या टांझानियात बोलल्या जाणाऱ्या माकोंडे भाषेतला. १९५२-५३ साली तिथं साथ आली तेव्हा लोकांनीच तो दिला. अर्थ साधारण असा, की जे माणसाला वाकवतं ते. कवितेच्या माणसाला हेवा वाटावा इतकं नेमकं नाव. माझी अम्मी तशीच वाकली. बोटांची पेरं सुजली, भाकर थापता येईना, कुडत्याचं बटण लागेना. नमाजला खाली बसता येईना, म्हणून खुर्ची आणली. ताप चार दिवसांत गेला, सांधे पुढे वर्षभर दुखत राहिले. आमच्या गल्लीत क्वचितच एखादं घर सुटलं असेल.

देशात त्या वर्षी चिकुनगुनियाचे सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी महाराष्ट्रात अडीच लाखांहून अधिक. हे आकडे मी नंतर वाचले तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला, यात अम्मी आहे का? नाही. ती खाजगी डॉक्टरकडे गेली, सुई घेतली, गोळ्या घेतल्या, घरी आली. रक्त कुणी घेतलं नाही. पक्की तपासणी करायची तर नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जायचा, आणि असे थोडेच नमुने जात. आमच्या गल्लीतलं कुणीच सरकारी दवाखान्यात गेलं नव्हतं. म्हणजे नकाशावर आमची गल्ली पांढरी. बघणाऱ्याला वाटेल, इथं साथ आलीच नाही. तेव्हापासून कुठलाही रोगाचा नकाशा पाहिला की मी लाल ठिपके नंतर बघते. आधी पांढऱ्या जागा बघते, आणि तिथं मोजणारं कुणी होतं का, हे विचारते.

हा ताप आला कसा, त्याची वाट तर ऐकण्यासारखी आहे. २००४ साली केनियाच्या किनाऱ्यावरच्या लामू बेटावर साथ. २००५ साली कोमोरोस बेटांवर. मग रियुनियन बेटावर, तिथं तर दर तीन माणसांमागे एकाहून अधिक जण आजारी पडले. आणि २००५च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र. आपल्याकडे त्याआधीची शेवटची मोठी साथ १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला झाली होती. मध्ये बत्तीस वर्षं गेली. लोक विसरले, नव्या डॉक्टरांनी रोग फक्त पुस्तकात पाहिलेला. पण विषाणूच्या घराण्याचा शोध घेतला तेव्हा कळलं, की बार्शीचा विषाणू आशियाई वाणाचा होता आणि २००६चा आफ्रिकी वाणाचा. आणि गंमत बघा, पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातल्या यवत गावी २००० साली पकडलेल्या डासांत हाच आफ्रिकी वाण सापडलेला होता! साथीच्या पाच वर्षं आधी. नकाशावर तेव्हा एक ठिपका पडला होता, भोवती साथ नव्हती म्हणून तो एकटाच राहिला. गावागावांत डास पकडून तपासत राहणं किती कंटाळवाणं काम असेल! पण ते कंटाळवाणं काम कुणीतरी केलं म्हणून हे कळलं.

आता हा डास. चिकुनगुनिया, डेंग्यू आणि झिका या तिन्हींचा वाहक मुख्यतः एडिस इजिप्ती. अंगावर पांढरे पट्टे, दिवसा चावतो. अब्बांचा अ‍ॅनाफिलीस रानाचा, ओढ्याचा, विहिरीचा; हा घरातला. त्याला गटार नको, स्वच्छ साठवलेलं पाणी पाहिजे. स्वतः तो फार तर दोन-चारशे मीटर उडतो. मग साथ अकोल्याहून बडनेऱ्याला कशी जाते? माणूस नेतो. अंगात विषाणू असलेला माणूस रेल्वेत बसतो, एसटीत बसतो, सासरी उतरतो, तिथला डास त्याला चावतो आणि आठ-दहा दिवसांनी तो डास दुसऱ्याला ताप देण्याजोगा होतो. २००७ साली इटलीतल्या एका खेड्यात चिकुनगुनियाची साथ झाली, ती केरळहून नातलगांकडे आलेल्या एका पाहुण्यापासून.

डास उडतो गल्लीपुरता, विषाणू फिरतो तिकीट काढून. म्हणून नकाशाला लांबची रेल्वेलाइनही पाहिजे आणि गल्लीतला रांजणही. आपल्या वऱ्हाडात मला रांजण जास्त महत्त्वाचा वाटतो. का, ते सांगते.

त्या २००६च्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत दोन पोरं बॅटरी घेऊन आली. रांजणात, टाकीत उजेड टाकून अळ्या बघायची आणि सांगायची, “आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा. सगळी भांडी रिकामी करा, कोरडी करा.” शेजारच्या आजी ओट्यावर बसलेल्या. त्या म्हणाल्या, “बाप्पा, पाणी फेकून देऊ अन् मंग प्याचं काय? नळ कधी येते हे तुले मालूम आहे काय?” पोरगं भलं होतं. म्हणालं, “आजी, आमचं काम सांगाचं आहे.”

आमच्याकडे तेव्हा नळ आठव्या-नवव्या दिवशी यायचा. कधी त्याहून उशिरा. त्यामुळे घरात रांजण, माठ, प्लास्टिकचे ड्रम, हौद, सगळं भरलेलं. आणि एडिसचं अंड्यापासून डास व्हायला लागतात आठ ते दहा दिवस, कडक ऊन असलं तर आणखी कमी. नळाची पाळी आणि डासाची पाळी अशी जवळजवळ एकच. त्यातही एक बारकी गोष्ट आहे, ती मला बरीच उशिरा कळली. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पाणी वर आलं, अंडी भिजली, की फुटतात. आता आपण बाया काय करतो? नळ आला की तळाशी राहिलेलं शिळं पाणी फेकायचा जीव होत नाही, त्याच्यावरच नवं पाणी भरतो. रेषा वर चढते. म्हणजे नळाच्या वारी आपण आपल्या हातानं ती अंडी भिजवतो. आणि नुसतं भांडं उपडं करूनही भागत नाही, आतून काथ्यानं खसाखसा घासावं लागतं. हे ‘घासा’ त्या पोरांनी सांगितलं नव्हतं. त्यांनाही कुणी सांगितलं नसावं.

शंभर वर्षांपूर्वीचा एक नकाशा मला इथं आठवतो. १९०८ साली पंजाबात मलेरियाची भयंकर साथ आली. तिचा अभ्यास ख्रिस्तोफर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरानं केला आणि १९११ साली अहवाल दिला. त्यानं गावोगावच्या मुलांच्या पाणथरी तपासल्या, पावसाचे, पुराचे आकडे घेतले, मृत्यूंचे नकाशे काढले. आणि त्याच्या जोडीला त्यानं धान्याचे भाव लावले! पाऊस मोठा आणि त्याआधी महागाई, असं जिथं जुळलं तिथं माणसं जास्त मेली. पोटात अन्न नसलेल्या माणसाला ताप सहन होत नाही. पुढे १९२०च्या दशकात पंजाबात याच धर्तीवर साथीचं भाकीतही वर्तवलं जाऊ लागलं. साम्राज्याच्या नोकरीतल्या माणसानं तापाच्या नकाशात बाजारभाव घातला, हे मला फार मोठं वाटतं. आपल्या नकाशात, माझ्या अल्पमतीनं, नळाचा वार पाहिजे.

आपल्या दोन जिल्ह्यांपुरतं मनातल्या मनात बघा. उत्तरेला मेळघाट, ओढे, जंगल. तिथं मलेरियाचा जुना मुक्काम. मधोमध पूर्णेचा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. तिथल्या गावांना पिण्याचं पाणी लांबून नळानं येतं, वान धरणावरून, शहानूर धरणावरून. म्हणजे सातपुड्याचं पाणी खाली मिठाच्या जमिनीत येतं आणि जपून जपून साठवलं जातं. जिथं पाणी साठवून ठेवावंच लागतं तिथं एडिसची सोय आपोआप झाली. खारपाणपट्ट्याचा नकाशा जिऑलॉजीवाल्यांकडे आहे, नळयोजनांचा पाणीपुरवठ्याकडे, तापाचा आरोग्य खात्याकडे. हे तीन कागद एकावर एक ठेवून उजेडात धरावेत, असं मला फार वाटतं.

आणि मग आपली शहरं. इथला मुख्य गुन्हेगार कूलर. अकोला-अमरावतीचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही, खरं आहे. पण मृग लागला, हवा थंड झाली, की कूलर बंद होतो आणि टाकीतलं पाणी तसंच राहतं. जून जातो, जुलै जातो. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी तो उघडतो. गवताच्या जाळ्या आणि टाकीच्या कडा न घासता तो माळ्यावर गेला तर अंडीही माळ्यावर जातात आणि पुढच्या चैत्रात पाणी ओतलं की जागी होतात. म्हणजे आपल्याकडे डेंग्यूचा मोसम पावसाळ्यानंतरचा असला तरी त्याचं बियाणं उन्हाळ्याचं आहे.

नकाशा फसवतो कसा, त्याचं एक उदाहरण. मेळघाटातली कोरकू माणसं दिवाळीनंतर खाली मैदानात कामाला उतरतात, कापूस वेचायला, हरभरा काढायला, आणि होळीला परत जातात. मलेरियाच्या एका जातीचा, व्हायवॅक्सचा, जंतू यकृतात महिनोन् महिने दडून बसतो आणि पुन्हा ताप आणतो. अश्विनात डोंगरात चावलेला डास, माघात दर्यापूरकडे आलेला ताप. नोंद होते दर्यापूरकडची. फवारणीवाले तिकडे जातात आणि तिथं तो डास नसतोच. माणूस कुठं आजारी पडला यापेक्षा तो त्याआधी कुठं होता हे विचारायला दोन मिनिटं जास्त लागतात. ती दोन मिनिटं अब्बांच्या वेळचे पाहणी कामगार देत असत, कारण ते पंधरा दिवसांनी त्याच घरी यायचे आणि घरातल्या माणसांना नावानिशी ओळखायचे.

दुसरी फसवणूक जास्त लागते. एका पावसाळ्यात वर्तमानपत्रात डेंग्यूच्या वस्त्यांची नावं आली, त्यात आमची होती. आमची वस्ती नाल्याच्या काठाला, घरं दाटीची, माणसं हातावर पोट असलेली. त्या आठवड्यात आमच्याकडच्या दोन बायांना धुण्याभांड्याची कामं सुटली. “तुमच्याकडे घाण असते ना,” असं सांगितलं. आता डेंग्यूचा डास नाल्यात वाढत नाही, हे मी मघाशी सांगितलंच. नाल्यातला तो क्युलेक्स, हत्तीरोगाचा वाहक. ज्या घरांनी बायांना काढलं त्यांच्या गॅलरीत कूलर होते, फ्रिजच्या मागच्या तबकडीत पाणी होतं, बाटल्यांत मनीप्लांट होते. मी तिथं जाऊन बघितलं नाही, पण पैजेवर सांगते. आमचं नाव यादीत आलं ते आमच्याकडे सर्वेक्षण झालं म्हणून. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, त्याला हाऊस इंडेक्स म्हणतात. तो सगळ्या वस्त्यांचा काढावा, बंगल्यांचाही, आणि सगळ्यांचा छापावा. मग कुणाला कामावरून काढायचं ते बघू.

हे सगळं सुधारणार नाही असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण सुरू झालं. आरोग्य सेविकेचा एक फॉर्म, डॉक्टरचा एक, प्रयोगशाळेचा एक. २०२१ पासून ती माहिती संगणकावर थेट भरली जाते. त्याच वर्षी जुलैअखेर पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, तो गावात तापाची रुग्णसंख्या वाढली म्हणून नमुने घेतले गेले त्यामुळे. बेलसर पकडलं गेलं. २०२४ला चिकुनगुनियानं पुण्यात, नागपुरात पुन्हा उचल खाल्ली तेव्हा निदान त्याचं नाव काय हे विचारत बसावं लागलं नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जानेवारी २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू आणि हवामान यांची सांगड त्यांनी घातली. तापमान सत्तावीस अंशांच्या वर, हवेतला दमटपणा ६० ते ७८ टक्के आणि पाऊस मध्यम, दिवस पसरून पडणारा, असं असलं की डेंग्यू वाढतो. आठवड्यात दीडशे मिलिमीटरच्या वर कोसळला तर उलट कमी होतो, अळ्या वाहून जातात. या हिशोबावर दोन महिने आधी इशारा देता येईल, असं ते म्हणतात. मी ती बातमी वाचली आणि अब्बांची आठवण आली. बारिश रुकी के आता. डास निराळा, गाव निराळं, पण म्हाताऱ्याचा अदमास बराचसा तोच.

फक्त ते गणित हवेचं आहे. वऱ्हाडात पाऊस कमी झाला तरी डेंग्यू येऊ शकतो, कारण पाऊस कमी म्हणजे धरण रिकामं, धरण रिकामं म्हणजे नळाची पाळी लांबली, पाळी लांबली म्हणजे ड्रम वाढले. ज्या वर्षी आकाशात पाणी नसतं त्या वर्षी ते घरात जास्त असतं. आपल्याकडचा इशारा द्यायचा तर पावसाच्या रकान्याशेजारी नळाचा रकाना लागेल. त्याला उपग्रह नको. कुठल्या भागाला कितव्या दिवशी पाणी सुटतं, हे पाणी सोडणाऱ्या माणसाच्या डायरीत रोज लिहिलेलं असतं. ज्या आठवड्यात पाळी पाचाची आठ होईल त्या आठवड्यात त्या भागात घासणीची दवंडी द्यावी, हौदात गप्पी मासे सोडावेत, ड्रमला कापड बांधायला सांगावं. कोरडा दिवस पाळायचा तर तो नळाच्या आदल्या दिवशी, जेव्हा भांडी तशीही तळाला गेलेली असतात. सरसकट सगळ्या गावाला एकच वार नको. हे मी माझ्या घरात करून पाहिलं आहे. जमतं. गुडघे दुखतात, पण जमतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आशाताई आल्या. हातात कागद, घरात माणसं किती, ताप कुणाला, भांडी किती, अळ्या किती. मी विचारलं, “नळ कितव्या दिवशी येतो, याचा रकाना आहे का हो यात?” त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. “नाही हो काकू.” मग जरा थांबून शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं, ‘पाणी सातव्या दिवशी’. नळ दुसऱ्या दिवशी यायचा होता. रांजणात तळाशी दोन तांबे पाणी होतं, ते मी झाडाला घातलं. आशाताईंनी रांजण कलता धरला आणि मी आत हात घालून काथ्यानं घासायला घेतला.